वॉर्सा ते वळिवडे

आमच्या पिढीने दुसरे महायुद्ध मराठीतून वाचले ते मुख्यतः वि. स. वाळिंबे आणि वि. ग. कानिटकर यांच्या पुस्तकांतून. 'वॉर्सा ते हिरोशिमा', 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' ही पुस्तके वाचनालयातून आळीपाळीने घरी यायची आणि पाने सुटी होईपर्यंत वाचली जायची. डंकर्क, स्टालिनग्राड, अल् अलामीन, मिडवे ही नावे आम्हांला पानिपत आणि तालिकोटाइतकीच ओळखीची झाली. इंग्रजी न येणाऱ्या वाचकाला जग दाखवण्याचे हे ऋण मोठे आहे, आणि ते मान्य करूनच पुढचे लिहितो.

या प्रकारच्या पुस्तकांत युद्ध सेनापतीच्या टेबलावरून दिसते. नकाशावरचा बाण वळला की 'युद्धाला कलाटणी मिळाली' असे वाक्य येते. कलाटणी नेमकी कुणाच्या आयुष्याला मिळाली, हा प्रश्न तिथे पडत नाही. युद्ध ही हिटलर, चर्चिल, स्टालिन यांची गोष्ट होऊन बसते आणि मराठी वाचक लांबून टाळ्या वाजवणारा प्रेक्षक.

हे वेगळ्या रीतीने लिहिता येते याचा पुरावा मराठीत युद्धाच्या आधीच तयार होता. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ साली आली. रणांगण म्हणजे एक आगबोट. तीवर जर्मनीतून हाकललेले ज्यू, युरोपातून परतणारा चक्रधर आणि हॅर्टा. एक तोफ उडत नाही, तरी शेवटी हॅर्टा समुद्रात जीव देते तेव्हा युद्धातला पहिला बळी आपण पाहिला असे वाटते. एवढी समज असलेली कादंबरी आपल्याकडे होती, पण तो धागा पुढे कुणी ओढला नाही.

बेडेकरांची नजर प्रवाशांवर आहे, आणि त्या कादंबरीला तेवढे पुरतेही. पण त्याच समुद्रांवर ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींतून रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान खलाशी राबत होते. अटलांटिकच्या लढाईत मे १९४३ मध्ये जर्मनांना पाणबुड्या मागे घ्याव्या लागल्या, ती युद्धाची मोठी कलाटणी. तोवर बुडालेल्या मालवाहू बोटींवर आपली माणसेही होती. त्या युद्धात ६,००० हून अधिक हिंदी खलाशी मेले. मुंबईत मशीद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये त्यांच्या नावांची नोंदवही आहे. सोलापूरला १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हापासून प्रस्थापितांनी आपल्याला वगळले असे आपण म्हणत आलो आहोत, आणि ते खोटे नाही. पण या खलाशांना मराठी कथेत आणायला आपल्याला कुणी अडवले होते?

समुद्र मिरजेपासून लांब, असे म्हणावे तर युद्ध आमच्या स्टेशनातूनही गेले. पुण्याहून कोल्हापूरला जाणाऱ्या मीटर गेजच्या गाडीला मिरजेखेरीज वाट नव्हती. कोल्हापूरच्या अलीकडे, पंचगंगा ओलांडली की वळिवडे लागते. १९४३ साली तिथे पोलिश निर्वासितांची छावणी उभी राहिली. सुमारे ५,००० माणसे, त्यांत बहुतेक बायका आणि मुले. शाळा, दवाखाना, चर्च, नाटके असे एक लहानसे पोलंडच त्या बरॅकींत होते.

ही माणसे इथवर आली कशी, हे पाहिले की पुस्तकातल्या कलाटण्यांचा अर्थ बदलतो. १ सप्टेंबर १९३९ ला हिटलर पोलंडवर चालून गेला हे पाठ असते. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून स्टालिनही शिरला हे पटकन आठवत नाही. त्या पूर्व भागातली कुटुंबे मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेली गेली. २२ जून १९४१ ला जर्मनीने रशियावर हल्ला केला. पुस्तकात ही हिटलरची घोडचूक. वळिवड्याच्या बाईसाठी हाच सुटकेचा दिवस, कारण स्टालिनला आता पोलिश सैनिक हवे होते. जुलैअखेर करार झाला, कैदी सुटले आणि १९४२ साली लाखाहून अधिक माणसे कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. पुरुष जनरल अँडर्सच्या सैन्यात गेले. बायकामुलांतली काही कराचीमार्गे आपल्याकडे आली.

१८ मे १९४४ ला इटलीत मॉन्टे कॅसिनोच्या मठावर पोलिश झेंडा लागला. त्याच लढाईत, खालच्या खोऱ्यात, आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती. सातारा-सांगलीकडची घरे आणि वळिवड्याच्या बरॅकी त्या आठवड्यात एकाच लढाईच्या तारेची वाट पाहत असणार. अशी जागा कादंबरीकाराला शोधून सापडत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान वॉर्सात मॉन्टे कॅसिनो आणि कोल्हापूर-वळिवडे या दोन्ही स्मारकांना गेले, तेव्हा आमच्याकडे कित्येकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकले.

पुढचे अधिक कडू आहे. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला पूर्व पोलंड रशियाकडे राहील असे ठरले. दोस्त जिंकले आणि या माणसांची गावे गेली. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. कुणी इंग्लंडला, कुणी आणखी कुठे. त्याच बरॅकींत मग सिंधमधून आलेले निर्वासित राहिले. तेच आजचे गांधीनगर, कापडाची मोठी पेठ.

मिरजेचा मुसलमान लग्नाच्या बस्त्याला गांधीनगरला जातोच. मीही गेलो आहे, पुष्कळदा. गादीवर बसून चहा घेतला, भाव केला. समोरच्या म्हाताऱ्या शेठजींना "आपण मूळचे कुठले?" एवढे मात्र कधी विचारले नाही. उत्तरात सक्कर किंवा शिकारपूर येईल आणि पाठोपाठ माझ्या धर्माचे नाव येईल, ही धास्ती. फाळणीवर आपण जे लिहितो त्यात मुसलमान एकतर आरोपी असतो किंवा आपली सफाई देणारा. ऐकणारा तो क्वचितच असतो. वाळिंबे-कानिटकरांच्या परंपरेला मी वर जो दोष दिला, लांबून पाहण्याचा, तो त्या गादीवर माझ्याकडेही होता.

शेवटच्या खेपेस त्या दुकानात त्यांचा नातू होता. शेठजी वारले होते. मी दोन साड्या घेतल्या आणि संध्याकाळच्या गाडीने मिरजेला परतलो.