जुन्या इंजिनांचा जीर्णोद्धार आणि पाठशुद्धीचा न्याय

जुन्या मोटारसायकली व इंजिनें शोधून तीं पुनः चालतीं करण्याचा छंद स्तुत्य खरा. परंतु जीर्णोद्धार या नांवाखालीं जें केलें जातें त्याची परीक्षा, आपण हस्तलिखितांस लावतों त्याच कसोटीनें झाली पाहिजे.

प्रथम स्टीफन्सनकृत 'रॉकेट' इंजिनाचा दाखला घेऊं. इ. स. १८२९ च्या ऑक्टोबरांत रेनहिल येथील परीक्षेंत तें विजयी झालें, तेव्हां त्याचे सिलिंडर बरेच तिरपे होते. पुढें थोड्याच काळांत ते जवळजवळ आडवे करण्यांत आले. १८६२ सालीं इंजिन लंडनच्या संग्रहालयांत दाखल झालें तें या बदललेल्या रूपांत, आणि सिलिंडर आजही त्याच जागीं आहेत. आरंभींचें रूप दाखविण्यासाठीं १९७९ सालीं निराळी चालती प्रतिकृति बांधण्यांत आली. मूळ पोथी पोथीच्या जागीं व संपादकाचा तर्क निराळ्या कागदावर, असा हा न्याय आहे.

छांदिष्टांची रीत पुष्कळदां याच्या उलट दिसते. दुसऱ्या महायुद्धांत बी. एस. ए. कारखान्यानें सैन्यासाठीं 'एम २०' जातीच्या लाखावर मोटारसायकली बांधल्या. युद्धानंतर त्यांपैकीं अनेक नागरिकांच्या हातीं जाऊन निराळ्या रंगांत रंगल्या. आजचा जीर्णोद्धारक हे सर्व थर धातूपर्यंत खरवडून त्यांवर नवा खाकी रंग देतो. गाडी लष्करी दिसते. पण लष्करी रंगाचा खरा अवशेष थरांखालीं उरला असलाच, तर तोही त्याच खरवडींत नष्ट होतो. दुसरा दोष कालविपर्यासाचा. १९२५ च्या गाडीवर निकेलचा मुलामा हवा, तेथें झगझगीत क्रोमियम चढविलेलें आढळतें. शिवकालीन म्हणविणाऱ्या पत्रांत उत्तर पेशवाईची शब्दयोजना दिसावी, तसाच हा प्रकार. इंजिनावरील क्रमांक घासून सांगाड्याशीं जुळणारा नवा ठोकणें हें तर उघड बनावट कागद करण्यासारखें आहे.

यावर असा आक्षेप येईल कीं, यंत्र चालण्यासाठींच असतें. गंजून थिजलेल्या इंजिनापासून बोध तो कोणता? आक्षेप निराधार नाहीं. इंजिनाचा आवाज, कंप व चालविणाऱ्याचें हस्तकौशल्य हीं तें चालल्यावांचून कळत नाहींत. टायर, पिस्टनच्या कड्या व बेअरिंगें झिजणारच आणि बदलावीं लागणारच. आमचा आक्षेप बदलण्यावर नसून बदल लपविण्यावर आहे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत, जो पाठ कमी निश्चित वाटला त्याखालीं संपादकांनीं नागमोडी रेघ दिली. त्या रेघेनें ग्रंथाची प्रतिष्ठा उणावली नाहीं, वाढली.

हा प्रश्न आतां केवळ रसिकांचा राहिलेला नाहीं. २०२१ सालीं भारत सरकारनें केलेल्या नियमांत, पन्नास वर्षांहून जुन्या वाहनास विशेष नोंदणी मिळण्यासाठीं तें मूळ स्वरूपांत असावें अशी अट आहे. मूळ म्हणजे कारखान्यांतून निघालें तें, कीं पन्नास वर्षें वापरांत राहून आपल्या हातीं आलें तें, याचा विचार प्रत्येक संग्राहकानें हत्यार हातीं घेण्यापूर्वीं करावा.

आमची सूचना थोडकी आहे. काम सुरू करण्यापूर्वीं प्रत्येक भागाचें छायाचित्र घ्यावें. नव्या भागावर आंतल्या बाजूस सालाची खूण ठोकावी. काढलेले जुने भाग चिठ्ठी बांधून जपावे. आणि रंगाचा निदान एक कोपरा न खरवडतां सोडावा. झिजलेलें अक्षर पुढच्या पिढींतील अधिक तीक्ष्ण डोळा वाचूं शकेल. खरवडलेलें कोणासही वाचतां येणार नाहीं.