वेदना आणि अवेदना

'वेदना' हा आपल्या साहित्यातला फार वापरलेला शब्द आहे. दलित साहित्याने वेदना, नकार आणि विद्रोह ही त्रिसूत्री मराठी समीक्षेला दिली आणि एका बंद दाराची कडी निघाली. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आम्हीही हा शब्द आपला मानला. दंगलीनंतरची वस्ती, भाड्याने घर मागताना नाव सांगताच बदलणारा चेहरा, तीन शब्दांत मोडलेला संसार, या साऱ्यांची वेदना आमच्या कथा-कवितांत आली. ती खरी आहे आणि तिच्याविषयी आमची कसलीही तक्रार नाही.

पण दाढ ठणकते, मूतखडा सरकतो, मणक्याची शीर दबते, हाडात कॅन्सर उतरतो, तेव्हा जे होते त्यालाही वेदनाच म्हणतात. ही वेदना आमच्या साहित्यात कुठे आहे? कथेतला म्हातारा खोकतो, दोन पानांत मरतो आणि त्याच्या मरणातून लेखक समाजाविषयी काही सांगतो. रात्री दोन वाजता त्या म्हाताऱ्याला नेमके कुठे दुखत होते, कशाने थोडे बरे वाटले, हे आपल्याला कळत नाही. शरीर हे आमच्या लेखनात बहुतेक वेळा निमित्त असते.

हा प्रश्न आम्हांला पुस्तके वाचून पडलेला नाही. २००९ साली आमच्या फुफी तालुक्याच्या गावी अंथरुणाला खिळल्या. स्तनाचा कॅन्सर मणक्यात उतरला होता. भेटायला येणारा प्रत्येक जण उशाशी बसून म्हणे, "सबर करो, अल्ला आसान करेगा." एके दिवशी फुफी म्हणाल्या, "सबर तो करतीच हूँ मैं, दवा काँ है?" हे वाक्य आमच्या मनातून गेले नाही. पुढचा मजकूर म्हणजे त्या प्रश्नाला साहित्याच्या बाजूने दिलेले, उशिराचे उत्तर आहे.

शारीरिक वेदनेला भाषा नसते, असे एक मत पाश्चात्त्य समीक्षेत मान्यता पावले आहे. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ सालच्या 'ऑन बीइंग इल' या निबंधात अशी तक्रार केली की, प्रेमाला आणि शोकाला इंग्रजीत शब्द आहेत, डोकेदुखीला नाहीत. एलेन स्कॅरी यांनी १९८५ मध्ये 'द बॉडी इन पेन' या ग्रंथात त्याही पुढे जाऊन म्हटले की, वेदना भाषेला नुसता विरोध करत नाही, ती भाषा मोडून टाकते आणि माणसाला शब्दांआधीच्या ओरडण्यापर्यंत मागे नेते. छळछावण्यांतल्या यातनांचा विचार करताना स्कॅरींचे म्हणणे पटते. कळ ऐन भरात असते तेव्हा कोणीही वाक्य रचत नाही.

पण कळ येते तशी जातेही. दोन कळांच्या मधल्या वेळात माणूस बोलतो, आणि मराठी माणूस तर फार नेमके बोलतो. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी. जखम ठसठसते, डोळे चुरचुरतात, पाठीत उसण भरते, पोटात मुरडा येतो, पायाला वांब येतो, हाताला मुंग्या येतात, डोके भणभणते. जळजळ, सणक, शूळ, टोचणी, ओढ हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. आमच्या घरांतल्या दखनीत यात टीस आणि चीस यांची भर पडते. फुफी सांगत की, कमरेच्या हाडात कोणीतरी रवी घुसळते आहे. यापेक्षा अचूक वर्णन कोणत्या लेखकाने केले असते?

शब्दांची ही मोजदाद आजची नाही. इब्न सीना यांनी अकराव्या शतकाच्या आरंभी 'अल-कानून फित्-तिब' या वैद्यकग्रंथात वेदनेचे पंधरा प्रकार सांगितले. टोचणारी, दाबणारी, ताणणारी, फाडणारी, गिरमिट फिरवल्यासारखी, ठोके देणारी, जड, बधिर अशी ती यादी आहे. पुढे १९७५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक यांनी मॅकगिल विद्यापीठात वेदनेची प्रश्नावली तयार केली. तीही रुग्णांच्या तोंडच्या अशाच शब्दांवर उभी आहे. रुग्ण कोणता शब्द निवडतो यावरून शीर दुखते आहे की स्नायू, याचा डॉक्टरला अंदाज येतो. म्हणजे शब्दांची वाण नाही. शब्द माजघरात आहेत, दवाखान्यात आहेत, ते साहित्यात आलेले नाहीत एवढेच.

ते का आले नाहीत? आमच्या मते याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण म्हणजे रूपकाची सवय. उर्दू गझलेने 'दर्द' या शब्दाला इतके उंच नेले की, गुडघ्याच्या दर्दला तिथे बसायला जागा उरली नाही. गालिबचेच उदाहरण घ्या. त्यांच्या गझलांतले दुःख प्रेमाचे आणि अस्तित्वाचे आहे. पण १८६३च्या सुमारास त्यांच्या अंगावर फोड उठले, जखमा चिघळल्या, उठणे-बसणे कठीण झाले, आणि हे सारे त्यांनी मित्रांना आणि शागिर्दांना पत्रांतून सांगितले. 'ऊद-ए-हिंदी' आणि 'उर्दू-ए-मुअल्ला' या संग्रहांमुळे त्यांची उर्दू पत्रे वाचकांपर्यंत पोहोचली. त्या पत्रांतला गालिब फोडांचा हिशेब देतो, कुरकुरतो, मध्येच स्वतःवर हसतो. गझलेत जे सांगता आले नाही त्यासाठी या थोर कवीला साध्या बोलत्या गद्याकडे यावे लागले. आम्ही मात्र आजवर त्यांच्या गझलांचेच वारस झालो, पत्रांचे झालो नाही.

दुसरे कारण सबर. आमच्याकडे दुखणेकऱ्याला हजरत अय्यूब यांचा दाखला देतात, आणि तो अर्धाच देतात. कुरआनात 'अंबिया' आणि 'साद' या दोन सूरांमध्ये अय्यूब यांचा उल्लेख आहे. दोन्ही ठिकाणी अय्यूब गप्प नाहीत. आपल्याला त्रास झाला आहे, हे ते परवरदिगाराला स्वतःच्या तोंडाने सांगतात. त्यांच्या बोलण्यावर उत्तर येते ते उपदेशाचे नाही. पाय जमिनीवर मार, असे त्यांना सांगितले जाते आणि धुण्यासाठी व पिण्यासाठी थंड पाणी मिळते. म्हणजे या कथेतच वेदना बोलून दाखवणे आहे आणि वेदनेवरचा उपायही आहे. त्यातला सबर तेवढा उचलून उशाशी ठेवायचा आणि पाणी विसरायचे, हा कथेवरचा अन्याय आहे. सबर म्हणजे तोंड मिटणे, असा अर्थ आम्ही, विशेषतः बायकांच्या बाबतीत, सोयीसाठी लावून घेतला.

आता ज्यांनी लिहिले त्यांच्याकडे वळू. तोलस्तोय यांची 'इव्हान इलिचचा मृत्यू' ही १८८६ सालची दीर्घकथा. पडदे लावताना शिडीवरून पडलेल्या एका न्यायाधिकाऱ्याच्या कुशीत दुखू लागते. डॉक्टर मूत्रपिंड की आंत्रपुच्छ यावर चर्चा करतात आणि रुग्णाचा प्रश्न बाजूलाच राहतो. ही कथा सहसा मृत्यूचे तत्त्वज्ञान म्हणून वाचली जाते. आम्ही ती पुन्हा वाचली ती उताऱ्यासाठी. इव्हान इलिचला अफू आणि मॉर्फीन देतात, त्याने तो गुंगतो. खरा आराम त्याला मिळतो तो गेरासिम या खेडवळ नोकरामुळे. गेरासिम त्याचे पाय आपल्या खांद्यांवर घेऊन रात्र रात्र बसतो. आणि घरातले सगळे 'बरे वाटेल' असे खोटे बोलत असताना तो एकटा खोटे बोलत नाही. तोलस्तोय शेवट गोडही करत नाहीत. अखेरचे तीन दिवस इव्हान इलिच ओरडत राहतो. म्हणून गेरासिमच्या खांद्यांवर आपला विश्वास बसतो.

दुसरे नाव आल्फाँस दोदे यांचे. हसऱ्या, उन्हाळ गोष्टींसाठी प्रसिद्ध असलेला हा फ्रेंच लेखक उपदंशामुळे मज्जारज्जू झिजण्याच्या विकाराने अनेक वर्षे तळमळला आणि १८९७ मध्ये वारला. या काळात त्यांनी केलेली टिपणे 'ला दुलू' या नावाने मृत्यूनंतर तीसहून अधिक वर्षांनी प्रसिद्ध झाली. 'दुलू' म्हणजे त्यांच्या प्रोव्हान्सच्या बोलीत दुखणे. ज्युलियन बार्न्स यांनी २००२ मध्ये ती इंग्रजीत आणली. प्रमाण फ्रेंच हाताशी असताना वेदनेसाठी आपल्या प्रांताचा शब्द घेणे, हे आम्हांला फार बोलके वाटते. दोदेंचे एक निरीक्षण असे की, दुखणे दुखणाऱ्याला दर वेळी नवे असते आणि भोवतालच्यांना मात्र लवकरच सवयीचे होते. हे वाचताना आमची मान खाली गेली, कारण दीड महिन्यानंतर फुफींचे कण्हणे आम्हांलाही घरातल्या घड्याळासारखे झाले होते. दोदेंच्या टिपणांत रडगाणे नाही. आपल्या दुखण्याचा भार बायका-मुलांवर पडू नये याची त्यांना काळजी आहे. लिहिणे हे त्यांचे औषध नव्हते, पण दुखण्याकडे बघण्याची एक उंच जागा त्यांना लिहिण्यामुळे मिळाली.

मराठीत नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन आहे. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालचे शरीर गमावलेल्या कोल्हापूरच्या या मुस्लिम स्त्रीने अपंगांसाठी संस्था उभी केली, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण या पुस्तकाविषयी बोलताना आपण 'जिद्द' या एकाच शब्दावर थांबतो. जिद्द आहेच. परंतु शरीर साथ देत नसताना रोजचा दिवस कसा काढायचा, दुसऱ्याची मदत कशी घ्यायची, लाज कुठे ठेवायची, या प्रश्नांचाही तो दस्तऐवज आहे. समीक्षेने त्याला प्रेरणादायी म्हणून नमस्कार केला आणि कपाटात ठेवले. मुस्लिम मराठी साहित्याचा विचार करताना आम्ही या पुस्तकाला मध्यभागी जागा द्यायला हवी होती.

आता उताऱ्याविषयी. वेदनेपेक्षाही साहित्यात दुर्मीळ आहे ते वेदना थांबणे. आमच्या कथांत औषध येते ते परवडत नाही म्हणून, आणि अफू येते ती व्यसन म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत सेर्टुर्नर यांनी अफूपासून वेगळे काढलेले मॉर्फीन आजही कॅन्सरच्या तीव्र वेदनेवरचे प्रमुख औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये वेदनाशामकांची तीन पायऱ्यांची शिडी सांगितली. तिच्यात शक्यतो तोंडाने आणि घड्याळाप्रमाणे औषध द्या, कळ येण्याची वाट पाहू नका, हे सूत्र आहे. त्याआधी, १९६७ मध्ये, सिसिली सॉंडर्स यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. शरीराचे दुखणे, मनाची भीती, घरची चिंता आणि श्रद्धेचे प्रश्न मिळून एकच 'समग्र वेदना' होते, हा विचार त्यांचाच. तोलस्तोयच्या कथेत हेच तर घडत होते!

आपल्या देशात मात्र विचित्र प्रकार झाला. नीमच आणि मंदसौरकडे सरकारी परवान्याने अफू पिकते आणि औषधासाठी परदेशी जाते. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांचे जंजाळ असे वाढले की, अनेक रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणेच सोडले. १९९३ मध्ये कालिकतला डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम उभे केले, गावोगावचे साधे लोक त्यात आले आणि केरळने वेगळी वाट दाखवली. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन परवाना सुटसुटीत झाला. तरी कायद्याचा कागद गावातल्या दवाखान्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि मॉर्फीन म्हणजे व्यसन किंवा मॉर्फीन म्हणजे मरण जवळ आले, ही भीती तर कागदाने जातच नाही. ही भीती घालवणे हे कथेचे काम आहे.

आमच्या फुफींच्या गावात ते औषध नव्हते. मोठ्या शहरातल्या रुग्णालयातून ते मिळवायला घरच्यांना दोन आठवडे लागले. गोळ्या सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी त्या सलग पाच तास झोपल्या. उठल्या त्या चहा मागून. मग फणी मागितली, आणि आपल्या गैरहजेरीत पापडाच्या डब्याला बुरशी आली म्हणून सुनेला झापले. सगळे घर हसले. त्यानंतर त्या सात आठवडे होत्या. त्या सात आठवड्यांत त्यांनी दोन नातवंडांना गोष्टी सांगितल्या, एक जुने भांडण मिटवले, नमाज बसून का होईना पढल्या. सबर करायलाही शरीराला थोडी उसंत लागते, हे आम्हांला तेव्हा कळले.

ही फणी आणि हा पापडाचा डबा आम्हांला एकाही कथेत भेटला नाही. लेखकांना वाटते, दुखणे थांबले की कथाही थांबली. आम्हांला उलट वाटते. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडले की, मज्जारज्जूत वेदनेसाठी एक प्रकारचे दार असते आणि स्पर्शाने ते थोडे लोटले जाते. दुखऱ्या जागी आईचा हात फिरला की बरे का वाटते, याचे ते शास्त्र आहे. आमच्या दादी-नानींना हे दार ठाऊक होते. तेल, शेक, दाबलेले पाय यांचा इतिहास अजून लिहायचा आहे.

मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून मरणासन्न कॅन्सररुग्णांची शुश्रूषा करणारे एक आश्रयस्थान आहे. त्याच्या नावात 'शांती अवेदना' असे शब्द आहेत. मराठी समीक्षेच्या परिभाषेत वेदना आहे, नकार आहे, विद्रोह आहे, 'अवेदना' नाही. ती यावी, असे आम्हांला वाटते. मोठ्या वेदनेचा विसर पडावा म्हणून नव्हे. दंगलीत घर जळालेल्या बाईचीही कंबर दुखते, आणि ती कुठे, कशी दुखते हे लिहिल्याशिवाय त्या बाईविषयी आपण पुरते लिहिले असे होत नाही. आमच्या नव्या लेखकांना, त्यातही लेखिकांना, एवढीच विनंती की, घरातल्या दुखणेकऱ्याच्या उशाशी बसून आधी ऐका. शब्द तिथे आहेत. आणि दवा कुठे आहे, हा फुफींचा प्रश्न आपल्या लेखनात निदान एकदा मोठ्याने विचारा.