कालियाच्या आधीचा कृष्ण

नाशिक रोडला कुणालाही दादासाहेब फाळक्यांबद्दल विचारा, पांडवलेण्याच्या पायथ्याचं स्मारक आधी सांगतील. हा माणूस आपल्याला हसवायलाही बसला होता, हे त्या स्मारकामागे झाकलं गेलंय. जानेवारी १९१४ मध्ये ‘मोहिनी भस्मासुर’सोबत त्यांनी ‘पिठाचे पंजे’ नावाचा छोटा विनोदपट दाखवला होता. त्यांचा विनोद कसा होता हे बघायचं असेल, तर मोबाइलवर ‘कालिया मर्दन’ (१९१९) लावा. नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीचा हा मूकपट.

सुरुवातीलाच फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, वय साधारण सात, चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव करून दाखवते. मग तोच चेहरा कृष्णाचा होतो. आमच्या धंद्याच्या भाषेत, फाळके आधी सोर्स कोड दाखवतात आणि मग प्रोग्रॅम चालवतात. तरी जादू होतेच. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती पुरुषाने केली होती, सहा वर्षांनी इथे घरातली पोर बाळकृष्ण होते.

मग खोड्या सुरू होतात. गावातली एक बाई कृष्णाच्या सवंगड्यावर पाणी फेकते. पोरं तिच्या घरचं लोणी पळवून हिशेब चुकता करतात. रात्री कृष्ण एका शेटजीच्या शयनघरात शिरतो आणि त्याची दाढी बायकोच्या केसांना बांधून ठेवतो.

ल्युमिएर बंधूंच्या १८९५ च्या, मिनिटभराच्याही आतल्या विनोदपटात एक पोरगा माळ्याच्या पाइपवर पाय देतो. माळी पाइपच्या तोंडात डोकावतो, पोरगा पाय उचलतो, पाणी थेट तोंडावर. शेवटी माळी त्याला पकडून बदडतो. तिथे खोडीला कारण नाही आणि शेवटचा शब्द मोठ्यांचा. फाळक्यांकडे पाणी आधी मोठ्यांनी फेकलेलं आहे. म्हणून लोणीचोरी नुसती गंमत राहत नाही, लहानांनी केलेला न्याय होते. शेटजीची दाढी मात्र विनाकारण बांधली जाते, आणि तेही बरंच झालं. कायम न्यायच करणारा कृष्ण कंटाळवाणा झाला असता.

पुढची कालियाशी झुंज ट्रिक फोटोग्राफीसाठी नावाजली जाते. तो नाग आज खेळण्यातला वाटतो. मंदाकिनीचा मिस्किल चेहरा मात्र अजून ताजा आहे. मागे कुणी संगीत जोडलं असेल तर म्यूट करा. दाढीला गाठ मारणाऱ्या त्या इवल्या हातांना आवाजाची गरज नाही.