पालवणकर बंधूंची विलायत-सफर : साधनांचें परीक्षण

सन १९११ मध्यें, पंचम जॉर्ज बादशहांच्या राज्याभिषेकाच्या वर्षीं, अखिल हिंदुस्थानचा म्हणून जो पहिला क्रिकेट-संघ विलायतेस गेला, त्यांत बाळू व शिवराम हे पालवणकर बंधू होते. त्यापूर्वीं १८८६ व १८८८ सालीं जे संघ तिकडे गेले ते केवळ पारशांचे होते. पालवणकरांचें आडनांव ज्या पालवण गांवावरून पडलें तो रत्नागिरी जिल्ह्यांतील. आणि १ मे १९८१ रोजीं सिंधुदुर्ग जिल्हा निराळा होईपर्यंत आमचें मालवणहि त्याच जिल्ह्यांत मोडत असे. म्हणून हा विषय आम्ही परका मानीत नाहीं.

या सफरीच्या अभ्यासकास तीन ग्रंथ प्रामुख्यानें हाताळावे लागतात. रामचंद्र गुह यांचा २००२ सालचा व प्रशांत किदांबी यांचा २०१९ सालचा, हे दोन इंग्रजींत आहेत. तिसरा मराठींत, बाळूंचे धाकटे बंधु विठ्ठल यांचें ‘माझें क्रीडा-जीवन’ हें १९४८ सालचें आत्मचरित्र. पहिल्या दोहोंची योग्यता मोठी आहे. गुह यांनीं विस्मृतींत गेलेलें हें घराणें पुन्हां प्रकाशांत आणिलें. किदांबी यांनीं त्या एका सफरीमागील राजकारण, पैसा व जातिधर्माची वांटणी उलगडून दाखविली. सहा पारशी, पांच हिंदू, तीन मुसलमान आणि नायक एकोणीस वर्षांचे पतियाळाचे शीख महाराज, अशी ती रचना पाहिली म्हणजे ‘अखिल’ या शब्दाचा खरा अर्थ कळतो.

परंतु साधनांचें वजन करतांना एक गोष्ट विसरतां कामा नये. विठ्ठलराव स्वतः त्या सफरींत नव्हते. पुण्यामुंबईच्या मैदानांविषयीं त्यांची साक्ष प्रत्यक्षदर्शीची. विलायतेविषयीं मात्र ती भावांकडून ऐकलेली, तीहि सदतीस वर्षांनंतर छापलेली. ग्रंथ एकच, पण त्यांतील सर्व मजकुराचें प्रामाण्य एकच नव्हे. दस्तऐवजाच्या अभ्यासकांस हा भेद नवीन नाहीं. क्रीडेच्या इतिहासांतहि तो पाळला पाहिजे.

आंकड्यांविषयीं तशी अडचण नाहीं. तेवीस सामन्यांपैकीं संघानें सहा जिंकले व पंधरा गमावले. अशा पडत्या संघांत बाळूंनीं ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावांत १०३ धावांत आठ बळी मिळविले. लीस्टरशायरवरील विजयांत त्यांच्या गोलंदाजीचा, तर सॉमरसेटवरील एका गड्याच्या विजयांत शिवरामांच्या नाबाद शतकाचा वांटा मोठा होता.

दंतकथांची गोष्ट निराळी. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबांत बाळूंना महिना चार रुपये मिळत. आणि ग्रेग नांवाचे कप्तान आपणांस बाद केल्याबद्दल दर वेळीं त्यांस आठ आणे देत, असें सांगतात. ही हकीकत उदारपणाचा दाखला म्हणून वारंवार उद्धृत होते. आम्ही साधा हिशेब मांडतों : आठ आण्यांप्रमाणें आठ वेळां बाद केलें कीं महिन्याचा पगार भरला. कथा खरी धरली तर तींतून साहेबांच्या औदार्यापेक्षां वेतनाचा तुटपुंजेपणाच अधिक सिद्ध होतो. त्याच क्लबांत त्यांस गोलंदाजी तासन् तास करावी लागे, फलंदाजी मात्र मिळत नसे. पुढें हिंदूंच्या संघांतून खेळतांना चर्मकार म्हणून चहा मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यांत मिळे. एकाच माणसाकडून बळी हवेत पण त्याचा स्पर्श नको, ही विसंगति कोणत्याहि आंकड्यांत उमटत नाहीं.

याहून घातक दोष म्हणजे सोईस्कर निवड. सफरीहून परतल्यावर मुंबईंत बाळूंचा सत्कार झाला व त्यांत तरुण भीमराव आंबेडकरांनीं भाग घेतला, हें सर्वजण आवडीनें सांगतात. पण १९३२ सालीं बाळूंनीं राजा-मुंजे कराराचा पक्ष घेतला, आणि १९३७ च्या निवडणुकींत ते डॉ. आंबेडकरांच्याच विरुद्ध उभे राहिले. १३,२४५ विरुद्ध ११,२२५ मतांनीं त्यांचा पराभव झाला. गौरवग्रंथांत ही दुसरी बाजू गाळली जाते. चरित्रनायकास निष्कलंक ठेवण्याच्या भरांत त्याचें माणूसपण हिरावलें जातें, असें आमचें मत आहे. बाळू ४ जुलै १९५५ रोजीं वारले. त्यांची बाजू त्यांच्या तोंडून सांगणारें पुस्तक मागें राहिलें नाहीं. म्हणून दुसऱ्यांच्या साक्षींत निवडानिवड करण्याचा अधिकार आम्हां कोणासच नाहीं.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, बखरी व सनदा यांबरोबर मुंबईस गेलेल्या कोंकणी घराण्यांच्या पेट्यांतील पत्रें, छायाचित्रें, मानपत्रें व धावफलकहि जपावेत. ‘माझें क्रीडा-जीवन’ची प्रत कोठें दिसल्यास ती रद्दींत जाऊं देऊं नये. बादशाही दप्तरांत ज्यांस जागा मिळाली नाहीं, त्यांचें दप्तर हेंच आहे.