ब्राऊनचे अस्थिकुंभ

प्राचीन अंत्यविधींवरील ग्रंथ म्हटला म्हणजे मोजमापें, खापरांचे प्रकार आणि कालनिर्णयाचे वाद यांचें तें एक रूक्ष टिपण असावयाचें, अशी सामान्य वाचकाची समजूत असते. सर टॉमस ब्राऊन याचा ‘हायड्रिओटाफिया’ हा इंग्रजी निबंध ही समजूत खोटी पाडतो. नॉरिच येथें वैद्यकी करणाऱ्या या पंडितानें तो १६५८ सालीं प्रसिद्ध केला. नॉरफोकमधील वॉल्सिंगहॅम येथें एका शेतांत, दोन हातांहूनहि कमी खोलीवर, ४० ते ५० मृत्कुंभ सांपडले. त्यांत जळक्या अस्थी, फण्यांचे तुकडे, पितळी चिमटे असे जिन्नस निघाले. एवढ्याशा निमित्तावर ब्राऊननें पांच प्रकरणें उभारलीं आहेत.

पहिल्या चारांत नाना राष्ट्रांच्या दहन-दफनाच्या चालींचा संग्रह आहे. जिवंतपणीं अग्निप्रवेश करणारे हिंदुस्थानांतील ब्राह्मणहि त्यांत येऊन जातात. येथें विद्वत्तेचा भार निबंधाला पेलत नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. त्याहून मोठा दोष असा कीं, मुख्य निर्णयच चुकला आहे. ब्राऊननें हे कुंभ रोमन ठरविले. वस्तुतः ते रोमनांच्या मागून आलेल्या अँग्लो-सॅक्सन लोकांचे होत.

मग ग्रंथ रद्द समजावा काय? आमच्या मतें, मुळींच नाहीं. पांचव्या प्रकरणांत ब्राऊनचें प्रतिपादन असें कीं, आपलें नांव मागें ठेवण्याची मनुष्याची धडपड व्यर्थ आहे. रक्षा उरते, ती कोणाची हें उरत नाहीं. त्याची चूक हाच या मताचा बळकट पुरावा होय! अस्थी समोर असतां एवढ्या बहुश्रुताला त्या कोणत्या लोकांच्या हेंहि ओळखतां आलें नाहीं. आजचे संशोधक अस्थींवरून वय, लिंग, क्वचित् रोगहि सांगतात. नांव सांगणें त्यांच्याहि हातीं नाहीं.

दैवानें तर ग्रंथकर्त्यालाच दृष्टांत केलें. १६८२ त तो वारला. १८४० त त्याची शवपेटी चुकून फुटली, कवटी बाहेर गेली, ती १९२२ त पुन्हा पुरली गेली. तरीहि त्याचें नांव राहिलें आहे, तें थडग्यामुळें नव्हे, या निबंधामुळें. नव्या वाचकानें पांचवें प्रकरण आधीं वाचावें. आणि स्मारकांसाठीं वर्गण्या गोळा करणाऱ्या आमच्या मित्रांनीं तें दोनदां वाचावें.