सीमेवरच्या आठवणी: लिहिलेल्या आणि राहिलेल्या

सतरा सप्टेंबर आला की हैदराबाद मुक्तिसंग्रामावरच्या पुस्तकांची चर्चा सुरू होते आणि दिवाळी अंकांपर्यंत पुरते. लातूर-धाराशिवच्या वाचकाला त्यांत आपला इतिहास सापडतो. कर्नाटकाच्या आळंद तालुक्यातल्या मादन हिप्परग्याच्या मराठी वाचकाला मात्र तो अर्ध्यावरच सुटल्यासारखा वाटतो. 1956 साली हैदराबाद राज्य फुटले, गुलबर्गा-बीदर म्हैसूरकडे गेले, आणि मराठी आठवणींनीही या भागातून काढता पाय घेतला.

सुरुवात मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थांपासून करावी. माणूस या भागाचाच: जन्म सिंदगीचा, आणि 1952 साली लोकसभेवर निवडून गेले ते गुलबर्ग्यातून. त्यांच्या आठवणी इंग्रजीत, 1967 साली छापल्या गेल्या. हैदराबाद स्टेट काँग्रेसवरची बंदी, सत्याग्रह, तुरुंग, सगळा हिशेब चोख. स्वतःबद्दल मात्र संन्याशाला शोभेल इतकेच. पुस्तक कोरडे आहे, पण ते टाळून पुढे जाता येत नाही. अनंत भालेरावांचे ‘पेटलेले दिवस’ वाचायला अधिक सरस; हात मुरलेल्या संपादकाचा आहे.

या सगळ्या परंपरेबद्दल माझी एक तक्रार आहे. निजामाच्या बाजूच्या रझाकारांचा जुलूम इथे तपशिलाने येतो, आणि यायलाच हवा. मे 1948 मध्ये बसवकल्याणजवळच्या गोर्ट्यात दोनशेहून अधिक माणसे मारली गेली. पण भारतीय फौजांच्या पोलीस अ‍ॅक्शननंतर मुसलमानांवर जे गुदरले, तिथे लेखण्या आखडतात. या हिंसेची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार दिला, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद (आजचे धाराशिव), गुलबर्गा, बीदर, नांदेड ही नावे घेतली. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. अहवाल सरकारने दडवला म्हणावे. आठवणी कोणी दडवल्या?

या भागातले खरे मोठे आत्मकथन पुढाऱ्याच्या बैठकीतून आलेच नाही. ते आले शेजारच्या अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरच्या महारवाड्यातून. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ 1984 चे. त्यातली आजी संतामाय शेणातले ज्वारीचे दाणे वेचते, धुते, वाळवते, दळते आणि त्याची भाकरी थापते. नातू घास घेतो तर तोंडात शेणाचा वास. लिंबाळे इथे रडत नाहीत, वाचकालाही रडू देत नाहीत. भाकरी समोर ठेवतात आणि पुढे जातात. ज्याच्या आधाराने हे घर उभे आहे तो दादा मुसलमान, पोराचा बाप लिंगायत पाटील. जात, धर्म आणि भाषा एकाच छपराखाली कशी नांदतात नि माणसाला कशी सोलतात, हे मुक्तिसंग्रामाच्या कुठल्याही ग्रंथापेक्षा या लहानशा पुस्तकातून जास्त कळते.

भीमराव गस्तींचे ‘बेरड’ त्याच्या जोडीला वाचावे. बेळगावकडच्या या माणसाने जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का काय असतो ते मराठीत लिहिले. मांडणी विस्कळीत आहे, पण पोलिसांची धाड आली की लेखन घट्ट होते. उमा कुलकर्णींचे ‘संवादु-अनुवादु’ अगदीच वेगळ्या घरातले: कन्नड कादंबरीकार भैरप्पांना मराठीत आणणाऱ्या बाईंचा संसार आणि अनुवाद एकमेकांत गुंतलेला. थोडे पसरट, तरी कन्नड-मराठी नात्यावर भांडणाचा सूर न लावता लिहिलेली आत्मकथने आहेतच किती!

उणीव आहे ती 1956 नंतरच्या आयुष्याची. घरात मराठी, कचेरीत कन्नड, सोयरीक सोलापुरात, जमिनीचा उतारा सातबारा नव्हे तर पहाणी. हे सगळे अजून दमदारपणे पुस्तकात उतरलेले नाही. ज्यांनी 1948 दहाव्या वर्षी पाहिले ते आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. दिवाळीला गावी जाणाऱ्यांनी घरातल्या आजी-आजोबांपुढे मोबाईल ठेवावा, त्यांचे बोलणे टिपून घ्यावे, आणि उतरवताना त्यातली कन्नड नि उर्दू गाळू नये. पोलीस अ‍ॅक्शननंतर गावात काय झाले, हेही विचारावे.