संगणकाची पात्रता कोण ठरवणार?

पुण्यातल्या पेठेतली एक मराठी शाळा. तिच्या संगणक कक्षात दहा संगणक आहेत. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर तिथल्या विज्ञानाच्या बाईंचा आम्हाला निरोप आला. दहाही संगणक आता निकामी झाले असून ते भंगारात काढावेत, असे देखभाल करणाऱ्या मुलाने सांगितले होते. नवे घ्यायला पैसे नव्हते. "एकदा येऊन बघता का?" एवढेच बाईंचे म्हणणे होते.

आम्ही गेलो तेव्हा दहाही संगणक चालू होते. त्यांच्यावर विंडोज १० होते आणि अद्यतनाच्या पानावर, हा संगणक विंडोज ११ च्या किमान आवश्यकता पूर्ण करत नाही, अशा अर्थाची एक ओळ होती. विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली हे खरे. पण त्या दिवशी कोणताही संगणक बंद पडला नाही. दुरुस्ती थांबल्यामुळे नव्याने सापडणारी भोके आता बुजवली जाणार नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. धोका हळूहळू वाढत जाईल. परवाना असलेल्या शाळांना पुढची तीन वर्षे ही दुरुस्ती विकत घेता येते आणि पहिल्या वर्षाचा दर यंत्रामागे एक डॉलर आहे, हेही त्या मुलाने सांगितले नव्हते. बहुधा त्यालाही ते ठाऊक नसावे.

या लेखात आम्हाला परीक्षण करायचे आहे ते त्या एका ओळीचे आणि तिच्यामागच्या यादीचे. पुस्तकांची परीक्षणे होतात, सूचनापत्रकांची होत नाहीत. शाळेतल्या संगणकाचे भवितव्य मात्र सूचनापत्रकच ठरवते.

यादी तशी छोटी आहे. किमान दोन गाभ्यांचा, १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, यूईएफआय प्रकारचे फर्मवेअर व त्यातली सिक्युअर बूटची सोय, आणि टीपीएम २.०. यांपैकी टीपीएम ही गुप्त किल्ल्या सांभाळणारी एक छोटी तिजोरी. डिस्कवरची माहिती कुलूपबंद केली तर तिची किल्ली त्याच डिस्कवर ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून ती वेगळ्या जागी ठेवायची. कल्पना चांगली आहे. मात्र ही तिजोरी प्रत्येक वेळी वेगळी चिप म्हणून येत नाही. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक प्रोसेसरांच्या जोडीने ती फर्मवेअरमध्येच येते आणि सुट्या विकल्या जाणाऱ्या अनेक मदरबोर्डांवर सुरुवातीला बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डावर तिचे नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. 'टीपीएम' हा शब्द शोधत बसलेल्या माणसाला ती सापडणार कशी?

शाळेच्या दहापैकी चार संगणक २०१९ साली घेतलेले होते. त्यांच्या फर्मवेअरमध्ये शिरून पीटीटी चालू केले आणि ते चारही 'पात्र' झाले. प्रत्येकाला दहा मिनिटेसुद्धा लागली नाहीत. हेच चार संगणक किलोच्या भावाने जाणार होते.

उरलेले सहा २०१४ सालचे. त्यांचा प्रोसेसर ३.४ गिगाहर्ट्झचा, दोन गाभ्यांचा. यादीतल्या आकड्याच्या तो तिपटीहून वेगवान आहे, तरी अपात्र. कारण आकड्यांशेजारीच एक अट आहे, प्रोसेसर कंपनीच्या मान्य सूचीत असला पाहिजे. इंटेलच्या बाबतीत ही सूची साधारणपणे आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ नंतरच्या प्रोसेसरांपासून सुरू होते. नव्या प्रोसेसरांत सुरक्षेच्या काही सोयी जास्त आहेत, असे कंपनीचे समर्थन आहे आणि ते पोकळ नाही. आमची तक्रार मांडणीबद्दल आहे. खरी अट सूचीची असेल तर १ गिगाहर्ट्झचा आकडा कशासाठी? आवश्यक आणि पुरेसे यांतला फरक आपण नववी-दहावीच्या भूमितीत शिकवतो. इथे आवश्यक अट पुरेशी असल्याच्या थाटात छापली आहे.

पात्रता तपासणारा कंपनीचा प्रोग्रॅम जून २०२१ मध्ये पहिल्यांदा आला, तेव्हा तर तो 'चालणार नाही' एवढेच सांगे. का चालणार नाही ते सांगत नसे. टीका झाली, महिनाअखेरीस तो मागे घ्यावा लागला आणि सप्टेंबरमध्ये कारणे देणारी आवृत्ती आली. मुलाने उत्तर लिहिले आणि रीत लिहिली नाही तर आपण गुण कापतो. तोच न्याय यंत्रालाही लावायला हवा.

हा प्रश्न असेंबल केलेल्या संगणकांना अधिक भोवतो, आणि आपल्या शाळांत असे संगणक बरेच असतात. कंपनीचा संगणक घेतला तर त्याला एक नाव आणि क्रमांक असतो. त्यावरून सगळे ड्रायव्हर एका जागी मिळतात. तपकीर गल्लीसारख्या ठिकाणाहून सुटे भाग आणून जुळवलेल्या संगणकाला आईबाप अनेक. मदरबोर्ड एकाचा, रॅम दुसऱ्याची, डिस्क तिसऱ्याची. (यात कमीपणा काही नाही. पुण्याच्याच सी-डॅकने १९९१ साली केलेला परम ८००० हा महासंगणकही इन्मॉस या ब्रिटिश कंपनीच्या विकत मिळणाऱ्या ट्रान्सप्युटर चिपा जोडून उभा केलेला होता.) म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम बसवण्याआधी कोणता भाग कोणाचा हे आपणच लिहून काढायचे असते. बाजूचे झाकण उघडून मदरबोर्डवरचा क्रमांक मुलांना वाचायला सांगा. त्या क्रमांकाचा नेटवर्क ड्रायव्हर आधी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. नाहीतर नवी सिस्टिम इंटरनेट मागते, इंटरनेटला ड्रायव्हर लागतो आणि तो ड्रायव्हर इंटरनेटवर असतो.

यादीत न लिहिलेल्या आणखी काही गोष्टी आहेत. 'यूईएफआय चालू करा' असे वाचून तसे केले की जुना संगणक सुरूच होत नाही आणि माणूस घाबरतो. कारण त्याच्या डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची असते. या पद्धतीत डिस्कवरच्या कप्प्याचा क्रमांक ३२ बिटांत लिहितात आणि एक कप्पा ५१२ बाइटचा धरतात. मुलांना गुणाकार करू द्या. दोनचा ३२ वा घात गुणिले ५१२, म्हणजे सुमारे २.२ लाख कोटी बाइट. याहून मोठी डिस्क या पद्धतीला मोजताच येत नाही, म्हणून जीपीटी ही नवी पद्धत आली. एकीतून दुसरीत जाण्याचे साधन विंडोज १० मध्येच आहे. ते वापरून झाल्यावर मग फर्मवेअर बदलायचे. क्रम उलटा झाला की गोंधळ होतो.

दुसरी गोष्ट मदरबोर्डवरच्या बटणासारख्या बॅटरीची. जुन्या संगणकांत ती संपलेली असते, त्यामुळे दर वेळी घड्याळ मागे जाते. मग सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत आणि दोष इंटरनेटला दिला जातो. सहापैकी चार संगणकांत हेच होते.

नवी सिस्टिम उतरवून घेतलेल्या फाइलचा ताळाही पाहायला हवा. 'ताळा' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो आहोत. २३ गुणिले १४ बरोबर ३२२, हे आपण नऊच्या ताळ्याने पडताळतो. पण कोणी ३२२ ऐवजी २३२ लिहिले तर तो ताळा फसतो, कारण अंकांची बेरीज तीच राहते. फाइलसाठी शा-२५६ नावाचा ताळा वापरतात. फाइल कितीही मोठी असो, उत्तर ६४ चिन्हांचे येते आणि एक बिट जरी बदलला तरी ते पार बदलून जाते. सिस्टिम देणाऱ्याने छापलेली ६४ चिन्हे आणि आपली ६४ चिन्हे जुळली तरच पुढे जायचे. वर्गात करून दाखवण्यासारखा हा प्रयोग आहे.

या सगळ्याच्या आधी करायचे काम मात्र कोणत्याच यादीत ठळकपणे नसते. आधीच्या सिस्टिमवर काय आहे ते पाहणे, हे ते काम. आमच्याच प्रयोगशाळेत काही वर्षांपूर्वी आम्ही एका संगणकावर नवी सिस्टिम बसवली. आत सारख्याच आकाराच्या दोन डिस्क होत्या, पडद्यावर 'डिस्क ०' आणि 'डिस्क १' एवढीच नावे. आम्ही शून्य निवडली. मोजमापांचे अकरा महिने तिच्यावर होते, आणि प्रत दुसरीकडे नव्हती. तेव्हापासून आम्ही नको असलेल्या डिस्कची तार आधी काढून ठेवतो.

शाळेत असे काय असणार, असे आम्हाला वाटले होते. बाईंनी एक फोल्डर उघडून दाखवला. २००६ पासूनच्या प्रश्नपत्रिका, दाखल्यांचे मसुदे, विज्ञान प्रदर्शनाचे अहवाल, मुलांनी लिहिलेली हस्तलिखिते. सगळे जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेले. पुण्यातच श्री-लिपी आणि सी-डॅकची आयएसएम ही सॉफ्टवेअर तयार झाली आणि त्यांच्या जोरावर मराठी छपाई संगणकावर आली. पण त्या काळच्या बहुतेक फॉन्टची युक्ती अशी होती, की रोमन अक्षरांसाठी ठरलेल्या क्रमांकांवर देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवायचे. फाइलमध्ये साठतात ते रोमन अक्षरांचेच क्रमांक. फॉन्ट आहे तोवर 'भूगोल' दिसते, फॉन्ट गेला की रोमन अक्षरांचा काला. युनिकोडमध्ये तसे नाही. तिथे 'क'चा क्रमांक २३२५ आणि तो फक्त 'क'चाच. देखभाल करणारा मुलगा 'फॉरमॅट मारून देतो' म्हणाला होता. फाइली त्याने पेनड्राइव्हवर घेतल्याही असत्या, पण फॉन्ट घेतले नसते. एकोणीस वर्षांचे लिखाण शाबूत राहिले असते, फक्त वाचता आले नसते. म्हणून फाइलींच्या आधी फॉन्ट जपून ठेवायचे आणि मग सवडीने मजकूर युनिकोडमध्ये आणायचा. 'विंडोज टाका' म्हणणाऱ्यांच्या यादीत हे नाही, कारण ती यादी करणाऱ्याच्या घरी हा प्रश्नच नाही.

'लिनक्स टाका, प्रश्न मिटेल' म्हणणाऱ्यांच्याही यादीत ते नाही. केरळातल्या सरकारी शाळा गेली बरीच वर्षे ग्नू/लिनक्सवर चालतात. सी-डॅकनेही २००७ मध्ये डेबियनवर बेतलेली बॉस ही सिस्टिम काढली. आमचा कल त्याच बाजूला आहे. पण केरळात सिस्टिमबरोबर शिक्षकांचे प्रशिक्षणही झाले, हे इकडचे उत्साही मित्र विसरतात. सहा संगणकांवर आम्ही लगेच काही बसवले नाही. डिस्कला हात न लावता, पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून पाहिले. आवाज आला, इंटरनेट चालले, मराठी इनस्क्रिप्ट कळफलक मिळाला, यू-डायस आणि सरल उघडले. शाळेचा लहान लेझर प्रिंटर मात्र काही केल्या छापेना. तो त्याच्या कंपनीच्या खास भाषेतच बोलतो. हे आधी कळले म्हणून बरे, नाहीतर सहामाहीच्या प्रगतिपुस्तकांच्या वेळी कळले असते.

आता त्या कक्षात चार संगणक विंडोज ११ वर आणि पाच लिनक्सवर आहेत. दहावा २०१४ चाच आहे. त्याची इंटरनेटची तार काढून विंडोज १० तसेच ठेवले आहे आणि प्रिंटर त्यालाच जोडला आहे. जुने फॉन्टही त्याच्यावरच आहेत. दर शनिवारी नववीतल्या दोन मुली त्याच्यापुढे बसतात. एक जुनी प्रश्नपत्रिका पडद्यावरून वाचते, दुसरी शेजारच्या संगणकावर युनिकोडमध्ये रूपांतर केलेला मजकूर तपासते. जोडाक्षरे अधूनमधून चुकतात, विशेषतः 'र'ची. आम्ही मागच्या वेळी गेलो तेव्हा त्या २०११ पर्यंत पोचल्या होत्या.